सीटकव्हरखालचा पट्टा



मी उमरेडला शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की पांढऱ्या साड्यांना फॉल-पिको. लिहिण्याची मला सवय नाही. पण गेले वर्षभर एक गोष्ट विहारातल्या बायकांना तोंडी सांगत आले आहे. सगळ्या म्हणाल्या, हे पेपरात लिहून पाठव. म्हणून लिहायला बसले. चुकभूल द्यावी घ्यावी.

२०२२ च्या दिवाळीनंतर आमच्या लेकाने जुनी कार घेतली. दुसऱ्याने आठ वर्षे वापरलेली, कर्जावर. पण आमच्या दारात पहिल्यांदा चार चाके उभी राहिली होती. माझ्या सासूबाई १९५६ साली दीक्षाभूमीवर गेल्या त्या बैलगाडीने. पुढे आम्ही ट्रकमध्ये उभे राहून घोषणा देत गेलो, छोट्या रेल्वेने गेलो. ती नागपूर-नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या रुळाच्या कामासाठी बंद झाली, तेव्हापासून एस.टी. नाही तर काळी-पिवळी. त्या काळ्या-पिवळीत किती माणसे कोंबतात हे उमरेडकरांना सांगायला नको. म्हणून स्वतःच्या गाडीचे आम्हाला किती अप्रूप असेल, तुम्हीच समजा.

गाडीच्या सीटा फाटलेल्या होत्या. मी म्हटले, कव्हर मी शिवते, बाहेर कशाला पैसे घालायचे? निळे जाड कापड आणले, पांढरी किनार लावली. मागच्या सीटवर पट्ट्यांची ती कुलुपे वर आलेली असतात ना, ती बसताना टोचत होती आणि दिसायलाही बरी दिसत नव्हती. लेक म्हणाला, "आई, तिथं भोक ठेवजो." मी म्हटले, मागे कोण पट्टा लावते? भोक पाडले तर कापड उसवते. मी ती कुलुपे खाली दाबली, वरून कव्हर ताणून बसवले आणि कडेने पक्की शिलाई मारली. पट्टेही सीटच्या मागे खोचून टाकले. सगळ्या वस्तीने कव्हराचे कौतुक केले. दोघीतिघींनी तर मापही दिले.

पुढच्या पट्ट्यांना मी हात लावला नाही. कारण तिथे पोलीस बघतो.

२०२३ साली अशोक विजयादशमी २४ ऑक्टोबरला आली. आमचे हे समता सैनिक दलाच्या सेवेसाठी दोन दिवस आधीच नागपूरला गेले होते. मागून आम्ही सहा जण निघालो. लेक चालवत होता. त्याच्या शेजारी मानाच्या जागेवर आमचे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ. मागे लेकाच्या पाठीशी मी, मध्ये जाऊबाई, आणि खिडकीजवळ सून, तिच्या मांडीवर तीन वर्षांची नात.

भासऱ्यांबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. ऐन जवानीत त्यांनी चळवळीसाठी लाठ्या खाल्ल्या. नामांतराच्या वेळी तुरुंगात गेले. वस्तीत कुणावर अन्याय झाला तर पोलीस ठाण्यात पहिले पाऊल त्यांचे. ताठ माणूस. निघताना लेक म्हणाला, "मोठे बाबा, पट्टा लावा नं." तर ते उसळलेच. "आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं होतं. बाबासाहेबांनी ते उतरवलं. अन् आता तू मले गळ्यात पट्टा घालाले सांगतं काय रे?" आम्ही सगळे हसलो. मीही हसले. मला ते बोलणे फार आवडले होते, हे कबूल करते. शेवटी हजार रुपये दंडाच्या भीतीने त्यांनी पट्टा ओढून नुसता छातीवर धरला, कुलपात घातलाच नाही. दिघोरीचा चौक मागे पडला की सोडून दिला.

दीक्षाभूमीवर वंदना झाली, स्तूपात अस्थींचे दर्शन झाले, पुस्तके घेतली. परतायला अंधार पडला. पाचगाव गेले. चांप्याच्या अलीकडे रस्त्यावर एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. लेकाचा वेग फार नव्हता. त्याने जीव खाऊन ब्रेक मारला. गाडी थांबली ती ट्रॉलीला धडकूनच.

पुढचे मला तुकड्या-तुकड्यानेच आठवते. मोठा आवाज. मग अगदी शांत. मग नातीचे रडणे कुठून तरी खालून येत होते, आणि ती सुनेच्या मांडीवर नव्हती. दोन सीटांच्या फटीतून ती पुढे जाऊन गिअरच्या दांड्यापाशी पडली होती. भासऱ्यांचे डोके काचेवर आदळले होते. जाऊबाईंचे दोन दात गेले. मला कपाळावर टेंगूळ आणि गुडघ्याला मार, त्याहून जास्त काही नाही.

नागपूरला दवाखान्यात नेले. नातीच्या मांडीचे हाड मोडलेले. भासऱ्यांना कपाळापासून गालापर्यंत टाके, आणि डाव्या डोळ्याने त्यांना आता अंधुकच दिसते. लेकाच्या छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा निळा पट्टा उमटला होता, जणू कुणी शाईने आखला. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. हा पट्ट्याचा वळ आहे. हा नसता तर स्टेअरिंग छातीत घुसले असते." मग त्यांनी एक्स-रे धरला. लेकाच्या पाठीचे, खांद्यामागचे रुंद हाड मोडले होते आणि पाठीकडून दोन बरगड्या. "हे मात्र पुढून नाही झालेले," ते म्हणाले. "मागच्या सीटवर कोण बसले होते?"

मी बसले होते.

डॉक्टरांनी रागावून विचारले नव्हते. त्यांना माहिती हवी होती. पण तो प्रश्न मी आजही झोपेत ऐकते. ज्याला पोटात वाढवले त्याच्या पाठीवर मीच दगडासारखी जाऊन पडले होते. आणि माझ्या सीटचा पट्टा मीच, माझ्या हाताने, पक्क्या शिलाईने बंद करून ठेवला होता.

ते कसे होते, हे नंतर मला आमच्या वस्तीतल्या विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी वहीवर आकडे मांडून समजावले. मला समजले ते माझ्या भाषेत सांगते. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली की आपणही आत बसल्या-बसल्या ५० नेच जात असतो. गाडी आदळून थांबते, आपण थांबत नाही. आपले अंग त्याच वेगाने पुढे जाते, जोवर कशाला तरी आदळत नाही. ५० चा वेग म्हणजे तिसऱ्या माळ्यावरून खाली पडल्यावर जमिनीला लागतो तेवढा मार. आपण कुणी तिसऱ्या माळ्याच्या कठड्यावर लेकरू मांडीवर घेऊन बसू का? आणि अशा वेळी बारा किलोचे लेकरू हातात दोन-अडीचशे किलोचे होते. म्हणजे सोयाबीनचे चार कट्टे. कुठली माय तो भार हातांनी थोपवणार? सुनेने नातीला सोडले नाही. तिच्या हातातून ती ओढली गेली. हे मी तिला शंभरदा सांगितले, तरी ती स्वतःला दोष देते. माझे वजन पासष्ट. हिशेब तुम्हीच करा, लेकाच्या पाठीवर किती क्विंटल पडले ते.

पट्टा दुसरे काही करत नाही. तो आपल्याला गाडीबरोबर थांबवतो. मार अंगाच्या एका जागी न लागता कमरेचे हाड, छाती, खांदा अशा मजबूत हाडांवर वाटला जातो. पट्ट्याच्या टोकाला शिवणयंत्राच्या रिळासारखी एक चरखी असते. हळू ओढला की पट्टा सैल सुटतो, झटका दिला की आतले दातेरी चाक अडकते आणि पट्टा जागच्या जागी घट्ट होतो. मी करून पाहिले. ज्यांच्या घरी गाडी असेल त्यांनी आजच प्रत्येक पट्टा हिसका देऊन पाहावा. अडकला नाही तर तो पट्टा नुसता शोभेचा.

शोभेचा म्हटले, त्यावरून आठवले. आपल्या महाराष्ट्राचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गेले. केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झाला होता. गाडी काही हमरस्त्यावर भरधाव नव्हती, शहरातला चौक होता. दुसरी गाडी येऊन धडकली. मुंडेसाहेब मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन तेव्हा म्हणाले होते की, मागचा पट्टा केवळ शोभेसाठी असतो या गैरसमजापायी आपण मित्र गमावला. ते वाचले तेव्हा मला माझे निळे कव्हर आठवले.

मग ४ सप्टेंबर २०२२. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अहमदाबादहून मुंबईला येत होते. पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली. गाडी साधीसुधी नव्हे, मर्सिडीज. गाडीत चौघे. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सोबती, गेले. मागच्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता. एवढी महागडी गाडी, सगळी साधने आत, आणि हाताशी असलेला कापडाचा पट्टा तेवढा लावायचा राहिला. त्यानंतर मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांनाच पट्ट्याची सक्ती झाली. खरे तर मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा हा नियम आधीपासूनच होता. पट्टा नसेल तर हजार रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालचे लेकरू पट्ट्याशिवाय किंवा लेकरांच्या खास सीटशिवाय नेले तरी हजार. पण मागे वाकून कोण पाहतो? सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यात पट्टा न लावलेली १६,७१५. चालवणारे ८,३८४ आणि नुसते बसलेले ८,३३१. म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे. जो चालवतो त्यालाच धोका, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

आता भासऱ्यांकडे वळते.

दवाखान्यातून आल्यावर ते महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. त्यांना वाटे, पुढे आपण बसलो, मान आपल्याला मिळाला, आणि पोरगी मात्र पलंगावर पाय टांगून पडली. लेकही खांदा बांधून घरी. हप्ता तटला. मी रात्री बारापर्यंत मशीन चालवत होते. एके दिवशी ते दारात येऊन बसले. मांडीवर महाराष्ट्र शासनाने छापलेला बाबासाहेबांच्या लेखनाचा बारावा खंड. इंग्रजी आहे, पण ते वाचतात, एका डोळ्याने का होईना. म्हणाले, "बाई, चाळीसगावची गोष्ट तुले माहीत आहे नं?"

माहीत होती. विहारात ऐकलेली. पण त्या दिवशी त्यांनी जशी सांगितली तशी कधी ऐकली नव्हती.

१९२९ साल. अस्पृश्यांची गाऱ्हाणी तपासायला मुंबई सरकारने समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. खानदेशातले काम आटोपून ते चाळीसगावला उतरले. तिथल्या आपल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनापासून महारवाडा दोनेक मैल, मध्ये नदी. स्टेशनाबाहेर टांगे पुष्कळ होते, पण तासभर कुणी हलेना. का? तर अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. आणि आपल्या लोकांना वाटत होते, आमच्या बाबासाहेबांनी पायी चालत जावे काय? तो त्यांना बाबासाहेबांचा अपमान वाटत होता. मग तडजोड झाली. मालक टांगा भाड्याने देईल, हाकणार नाही. हाकायला आपलाच एक माणूस बसला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. थोडे पुढे जातात न जातात तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. मग नदीवरच्या मोरीवर घोडा उधळला. मोरीला कठडे नव्हते, नुसते कडेने दगड. चाक दगडावर आदळले. बाबासाहेब उचलले गेले आणि खाली फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत. बाबासाहेब बेशुद्ध. पायाचे हाड मोडले. कितीतरी दिवस हिंडता-फिरता आले नाही.

हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये. भासरे म्हणाले, आम्ही आजवर ही गोष्ट टांगेवाल्याच्या जातीच्या घमेंडीची म्हणून भाषणात सांगत आलो. ती तशी आहेच. यःकश्चित टांगेवालाही बॅरिस्टरपेक्षा स्वतःला मोठा समजत होता, हे बाबासाहेबांनी तिथेच लिहिले आहे. पण त्याच पानावर दुसरेही आहे, ते आम्ही भाषणात कधी घेतले नाही. बाबासाहेब आपल्या लोकांबद्दल लिहितात की, माझा मान राखण्यापेक्षा माझा जीव सुरक्षित राहणे महत्त्वाचे, हे ते विसरले. रागाने नाही लिहिलेले. ज्यांनी हार घातले, ज्यांनी तासभर धडपड करून टांगा आणला, त्या प्रेमाच्या माणसांबद्दल लिहिले आहे.

एवढे सांगून भासरे गप्प बसले. मग म्हणाले, "मीच तो टांगा आणणारा होतो, बाई." मी मशीन थांबवले. मला म्हणायचे होते की भाऊ, टांगा तुम्ही आणला असेल, पण मोरीचे कठडे मी शिवून बंद केले. शब्द फुटला नाही.

गळ्यातल्या मडक्याचे दुःख खोटे नाही. ते आमच्या रक्तात आहे. पण मडके दुसऱ्याने बांधलेले होते, आमची थुंकीही जमिनीवर पडू नये म्हणून. हा पट्टा आपण आपल्या हाताने लावतो आणि आपल्याच हाताने सोडतो. शिवाय नीट लावला तर तो गळ्याला लागतच नाही. गळ्याला लागत असेल तर तो चुकीचा लावला आहे.

नीट कसा लावायचा, तेही लिहिते, कारण बायकांना हे कुणी सांगत नाही. पुस्तकातली चित्रे पॅन्ट घातलेल्या पुरुषांची असतात. पाठ सीटला टेकवून बसायचे. खालचा पट्टा पोटावर नाही, त्याच्याही खाली, नऊवारीचा काष्टा जिथे आवळतो त्या कमरेच्या हाडावर बसवायचा. पोट मऊ असते, तिथे पट्टा रुतला तर आतल्या अवयवांना इजा होते. वरचा पट्टा खांद्याच्या मधून, दोन स्तनांच्या मधून तिरपा यायला हवा. मानेला घासतो म्हणून पुष्कळ बाया तो काखेखालून घेतात. तसे मुळीच करू नये, बरगड्या मोडतात. पदर पट्ट्याच्या आत चोळामोळा होऊ देऊ नये, बाहेर काढून वरून घ्यावा. थंडीत जाड शाल पांघरून त्यावर पट्टा लावला तर तो आवळल्यासारखा वाटतो, पण आत सैल असतो. आधी पट्टा, मग वरून शाल. पट्ट्याला पीळ पडलेला नको. दोघांत एक पट्टा तर नकोच नको. गर्भार बाईनेसुद्धा पट्टा लावायचा, पोटाखालून आणि पोटाच्या बाजूने, पोटावरून नाही. आमच्याकडे सासवा म्हणतात, बाळाला दाबेल. गाडी आदळली तर डॅशबोर्ड दाबत नाही काय?

आणि लेकरू मांडीवर घेऊन त्याच्यासकट स्वतःला पट्टा बांधणे, हे मी लग्नसराईत डोळ्याने पाहिले आहे. त्यात मधले लेकरू आपल्या वजनाने चेंगरते. बाजारात एक खोटी चकती मिळते, कुलपात घातली की गाडीचा इशारा वाजायचा बंद होतो. ती विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला काय म्हणावे, मला सुचत नाही. नव्या गाड्यांतला फुगाही पट्टा लावलेल्यालाच नीट वाचवतो. पट्टा नसलेला माणूस फुगा उघडतानाच त्याच्यावर जाऊन पडतो.

या तिरप्या पट्ट्याचा इतिहासही गुरुजींनी सांगितला. स्वीडन देशात व्होल्वो नावाची मोटार कंपनी आहे. तिथल्या निल्स बोहलिन नावाच्या अभियंत्याने १९५९ साली हा तीन टोकांचा पट्टा तयार केला. हक्क राखून ठेवले असते तर कंपनीने अमाप पैसा कमावला असता. पण त्यांनी तो सगळ्या कंपन्यांना वापरायला मोकळा करून दिला. ज्यांना विद्या दाराबाहेर ठेवून बसणारे लोक माहीत आहेत, त्या आपल्याला याची किंमत जास्त कळावी.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा पहिले काम मी केले. कात्री घेऊन बसले आणि स्वतःच्या हाताने मारलेली शिलाई उसवली. एका कुलपात पावाचे तुकडे आणि माती. एक पट्टा उंदराने कुरतडलेला. मी म्हटले, शिवून देते, धागा मजबूत आहे माझा. मेकॅनिक चांगला माणूस. म्हणाला, "काकू, तुमची शिलाई ब्लाऊजला. हा पट्टा शिवला तर शिलाईवरच तुटते. आणि पुढचा पण बदला, एकदा ताणला गेलेला पट्टा दुसऱ्यांदा तसा धरत नाही." माझे दोन महिन्यांच्या शिलाईचे पैसे त्यात गेले. ज्या दोघीतिघींना कव्हरे शिवून दिली होती, त्यांच्या दारी जाऊन मी ती परत मागितली आणि कुलपांच्या जागी काजे पाडून, कडेने दुहेरी टीप मारून दिली. फुकट. एकीने दार उघडून म्हटले, "वहिनी, इतकं कशाला?" मी तिला लेकाचा एक्स-रे दाखवला. तो मी पिशवीत घेऊनच फिरत होते तेव्हा.

आमच्या यांना मी विचारले, तुम्ही तीस वर्षे खाणीत डंपर चालवला, तिथे पट्टा होता की नाही? म्हणाले, "होता. चढलो का आधी पट्टा." मग घरी कधी का नाही सांगितले? पुष्कळ वेळ विचार करून म्हणाले, "ते ड्युटीवरचं होतं."

नात आता नीट चालते, धावतेही. एक पाय किंचित ओढते, तो वाढीबरोबर सुधारेल असे डॉक्टर म्हणतात. तिच्यासाठी लेकाने जुनी का होईना, लेकरांची सीट आणली. लहान लेकराला मोठ्यांचा पट्टा गळ्यावर येतो, म्हणून ती लागते.

२०२४ साली विजयादशमी १२ ऑक्टोबरला होती. हे नेहमीप्रमाणे आधीच गेले होते. सकाळी सगळे पांढरे कपडे घालून गाडीपाशी उभे. पट्टे पाच, माणसे सहा. जाऊबाई म्हणाल्या, "मी मांडीवर घेतो नं पोरीले, सरकून बसू." कुणी काहीच बोलले नाही. भासरे म्हणाले, मी एस.टी.ने येतो. मी म्हटले, तुमच्या डोळ्याने गर्दीत कुठे चढाल? मी जाते. एस.टी.त प्रवाशाला पट्टा नसतो, हे मला ठाऊक आहे. काळ्या-पिवळीत तर धरायला दांडीही नसते. गरिबाच्या गाडीला पट्टा कधी येणार, हा प्रश्न मी आमच्या वस्तीच्या मीटिंगमध्ये विचारला आहे, आणि पुन्हा विचारणार आहे. पण ज्या गाडीत आहे त्या गाडीत तरी एकही माणूस त्याच्याशिवाय बसायला नको, एवढे आमच्या घरात ठरले आहे.

भासरे पुढे बसले. त्यांनी पट्टा ओढला, पण नीट दिसत नसल्याने कुलूप सापडेना. चाचपडत राहिले. लेकाचा हात मदतीला पुढे झाला तर त्यांनी तो बाजूला केला. मागून नात आपल्या सीटमधून ओरडली, "आबाजी, टक नाही वाजली!"

थोड्या वेळाने वाजली. गाडी निघाली. मी शिदोरीची पिशवी उचलली आणि बसस्टँडकडे चालू लागले.